रेल्वेच्या मॉडेलला चालता फाटक-सिग्नल बसवताना



आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्यांचं एक ठरलेलं कारण आहे : "बाई, फाटक बंद होतं." शाळा रुळांच्या अलीकडे आणि दोन वाड्या पलीकडे, त्यामुळे कारण बहुतेक वेळा खरंच असतं. पण त्याच्या मागोमाग एक तक्रारही येते. "गाडीचा पत्ता नसतो, तरी गेटमन आधीच फाटक लावून बसतो. आणि गाडी गेली तरी लगेच उघडत नाही." काही मुलं दांडीखालून वाकून सायकल काढतात, हेही माझ्या कानावर होतं. रागावून झालं, समजावून झालं, फरक पडला नाही.

मागच्या वर्षी नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी रेल्वेचं मॉडेल करायचं ठरवलं. मी म्हटलं, नुसती गाडी गोल फिरवायची नाही. रस्ता दाखवा, फाटक दाखवा, आणि ते फाटक गाडी आली की आपोआप बंद व्हायला हवं. गेटमन आधीच का फाटक लावतो, ते तुम्हीच शोधून काढा. त्या तीन आठवड्यांत आम्ही जे केलं, चुकलो आणि दुरुस्त केलं, ते आज आपण टप्प्याटप्प्याने बघणार आहोत. तुमच्याकडे परदेशी पद्धतीचं एचओ स्केलचं मॉडेल असो (खऱ्याच्या १/८७ आकाराचं, रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर) किंवा जत्रेत मिळणारी सेलवरची गाडी असो, तत्त्व एकच आहे. आमची सेलवरचीच होती.

फाटकाच्या सिग्नलचं नेमकं काम काय?

मुलांना विचारलं तेव्हा उत्तर आलं, "लाल दिवा लावणं." हे अर्धंच उत्तर आहे. नीट विचार केला तर फाटकाच्या सिग्नलला चार कामं करावी लागतात.

१. गाडी फाटकावर यायच्या आधीच ती येतेय हे ओळखणं.
२. रस्त्यावरच्या माणसाला पुरेसा वेळ आधी सावध करणं आणि मग दांडी खाली घेणं.
३. शेवटचा डबा पार होईपर्यंत "गाडी आत आहे" हे लक्षात ठेवणं.
४. स्वतःत काही बिघाड झाला तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असणं.

पहिली तीन कामं मुलांनी चर्चेतून काढली. चौथं कोणालाच सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. ते आम्हाला कोणी शिकवलं, ते पुढे येईलच.

साहित्य

- सेलवर चालणारी गाडी : इंजिन आणि तीन डबे, एकूण लांबी ६० सेमी. दोन संचांचे रूळ जोडून ४५० सेमीचा लंबगोल मार्ग केला.
- लाल एलईडी २, रेझिस्टर ६८० ओहमचे २, १ किलोओहमचा १, ८२ किलोओहमचा १
- ५५५ टायमर आयसी, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड, वायर
- आर्डुइनो उनो बोर्ड. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत हा बहुधा असतोच.
- इन्फ्रारेड एलईडी २, फोटोट्रान्झिस्टर २, रेझिस्टर २२० ओहमचे २
- छोटी सर्व्हो मोटर १ (एसजी-९०), आइस्क्रीमची काडी, काळी स्ट्रॉ, पुठ्ठा, प्लायवूड

पहिला टप्पा : आलटून-पालटून लागणारे दोन लाल दिवे

आपल्याकडे फाटक म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती वर-खाली होणारी दांडी, तिच्यावरची लाल तबकडी आणि शेजारची गेटमनची खोली. अमेरिकेसारख्या देशांत बऱ्याच फाटकांवर माणूस नसतो. तिथे खांबावर दोन लाल दिवे आलटून-पालटून लागतात. एक लागला की दुसरा विझतो. नुसत्या स्थिर दिव्यापेक्षा हलणारा प्रकाश नजरेला पटकन जाणवतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे प्रत्येक दिवा मिनिटाला ३५ ते ६५ वेळा लागला पाहिजे. आपणही तेवढाच वेग धरू.

हे काम ५५५ टायमर एकटा करतो. जोडणी अशी :

- पाय १ ऋण टोकाला, पाय ८ आणि ४ धन टोकाला.
- पाय ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहम. पाय ७ आणि ६ यांच्यामध्ये ८२ किलोओहम.
- पाय ६ आणि २ एकमेकांना जोडा. तिथून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकाला. कपॅसिटरची ऋण बाजू ऋण टोकालाच जाईल, हे बघा.
- एक एलईडी धन टोक आणि पाय ३ यांच्यामध्ये, दुसरी पाय ३ आणि ऋण टोक यांच्यामध्ये. प्रत्येकीबरोबर ६८० ओहमचा रेझिस्टर.

पाय ३ वर व्होल्टेज नसतं तेव्हा पहिली एलईडी लागते, व्होल्टेज आलं की दुसरी लागते. दोन्ही एकदम कधीच लागत नाहीत.

आता गणित करू. वारंवारता काढायची तर १.४४ ला (पहिला रोध + दुसऱ्या रोधाची दुप्पट) × धारिता याने भागायचं. म्हणजे १,६५,००० ओहम × ०.०००००१० फॅरड... थांबा, इथेच आमच्या एका गटाने शून्यं चुकवली होती! १० मायक्रोफॅरड म्हणजे ०.००००१ फॅरड. गुणाकार आला १.६५. मग १.४४ ÷ १.६५ = ०.८७. सेकंदाला ०.८७, म्हणजे मिनिटाला साधारण ५२ वेळा. घड्याळ लावून मोजलं तेव्हा ५० च्या आसपास भरलं. कपॅसिटरवर लिहिलेला आकडा अगदी तंतोतंत नसतो, म्हणून एवढा फरक चालतो.

ज्या शाळेत आर्डुइनो नाही त्यांनी इथे बॅटरीच्या वायरमध्ये एक बटण लावावं आणि एका विद्यार्थ्याला गेटमन करावं. तेही उत्तम मॉडेल आहे. आपण मात्र पुढे जाऊ.

दुसरा टप्पा : गाडी किती अंतरावर ओळखायची?

इथे मुलांच्या तक्रारीचं पहिलं उत्तर मिळालं.

आमची दांडी खाली यायला २ सेकंद घेत होती. त्याआधी ३ सेकंद नुसते दिवे लागायला हवेत, म्हणजे रस्त्यावरची खेळण्यातली बैलगाडी रुळांवरून बाहेर पडेल. एकूण ५ सेकंद. गाडीचा वेग मोजला तो सेकंदाला २० सेमी. २० × ५ = १००. म्हणून फाटकाच्या १०० सेमी आधी सेन्सर लावला आणि मंडळी खूश!

दुसऱ्या दिवशी गाडीत नवे सेल टाकले आणि सगळं बिनसलं. दांडी नुकती खाली येऊ लागली असतानाच इंजिन रस्त्यावर. पुन्हा वेग मोजला, तो भरला ३० सेमी. १०० ÷ ३० = ३.३ सेकंद. पाच सेकंद हवे होते, तिथे साडेतीनसुद्धा मिळाले नाहीत.

मग शिकलो ते हे, की अंतर सरासरी वेगावर नाही, जास्तीत जास्त वेगावर काढायचं. ३० × ५ = १५० सेमी. सेन्सर तिथे नेला. पण मग जुने सेल असले की गाडी रमतगमत येते आणि फाटक साडेसात सेकंद आधी लागतं. रस्त्यावरच्याला वाटतं, "गाडीचा पत्ता नाही, आणि हा फाटक लावून बसलाय!"

वर्गात एकदम हशा पिकला. कारण वाक्य त्यांचंच होतं.

हेच गणित खऱ्या गाडीला लावा. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. अमेरिकेत दिवे लागल्यापासून गाडी येईपर्यंत किमान २० सेकंद मिळाले पाहिजेत असा नियम आहे. २७.८ × २० = ५५६ मीटर. म्हणजे गाडी अर्ध्या किलोमीटरपेक्षाही लांब असताना, वळणाआड असेल तर दिसतही नसताना, सिग्नल लागायला हवा. शिवाय भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. ड्रायव्हरला रुळावर सायकल दिसली तरी तो बहुतेक वेळा काहीच करू शकत नाही.

"वायर तुटली तर?"

आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये बाजारात तयार मिळणारे सेन्सर होते. त्यातून इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो, समोरच्या डब्यावर आपटून परत येतो, आणि परत आलेला प्रकाश दिसला की सेन्सर सांगतो, "गाडी आली." झकास चालत होतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील रेल्वेत गेटमन आहेत. रात्रपाळी संपवून एका सकाळी ते मुलीचा डबा द्यायला आले. मुलांनी हात धरून त्यांना मॉडेल दाखवायला नेलं. त्यांनी दोन फेऱ्या शांतपणे पाहिल्या. मग विचारलं, "ह्यातली एखादी वायर तुटली तर?"

कोणीच बोललं नाही. त्यांनी विचारून सेन्सरची एक वायर हळूच उपसली. गाडी आली. दिवे बंद, दांडी वर. बैलगाडी रुळांवर तशीच, आणि इंजिनाने तिला सरळ आडवी केली.

ते म्हणाले, "आमच्याकडं उलटं असतं. फाटक लागून कुलूप पडल्याबिगर गाडीला सिग्नलच पडत नाही. काय बी बिघडलं, तर गाडी थांबती. माणसं खोळंबतात, शिव्या देतात. देऊ द्या. शंका आली की फाटक बंदच."

(सिग्नल 'पडणं' म्हणजे गाडीला जायची परवानगी मिळणं. जुन्या हाताच्या सिग्नलची पट्टी खाली पडली की रस्ता मोकळा असायचा, तिथून हा शब्द आला.)

ते निघून गेले आणि आम्ही मॉडेल उघडून बसलो. दोष कुठे होता? आमचा सेन्सर गाडी दिसली तरच बोलत होता. वायर तुटली, सेल संपला, एलईडी जळाली, तर तो गप्प. आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही "गाडी नाही" असा लावला होता. आंधळा पहारेकरी काही बोलत नाही, म्हणजे चोर आलाच नाही, असं म्हणण्यासारखं हे झालं.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आणि जबरदस्त आहे. रुळांचा एक तुकडा बाकीच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. त्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. एरवी वीज एका रुळातून जाते, रिलेतून फिरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. रिले ओढलेला राहतो, याचा अर्थ रस्ता मोकळा. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात. वीज तिथूनच परत फिरते, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो.

आता खरी गंमत बघा. बॅटरी संपली तरी रिले सुटतो. वायर तुटली तरी सुटतो. रूळ तुटून दोन भाग झाले तरी बहुतेक वेळा सुटतो. म्हणजे बिघाड झाला तरी उत्तर "गाडी आहे" असंच येतं. वीज चालू असणं हा "सगळं ठीक आहे" याचा पुरावा, आणि पुरावा मिळाला नाही की सिग्नल लाल. याला म्हणतात सुरक्षित बाजूने बिघडणं. बिघाड कधीच होणार नाही अशी वस्तू कोणाला बनवता येत नाही. पण बिघडली तर कोणत्या बाजूने बिघडावी, हे मात्र आपल्या हातात असतं.

तिसरा टप्पा : सेन्सर उलटा करूया

आमच्या गाडीची चाकं प्लास्टिकची, रूळही प्लास्टिकचे. ट्रॅक सर्किट शक्यच नव्हतं. पण त्याची युक्ती उचलता आली.

रुळांच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी (२२० ओहम रेझिस्टर लावून ५ व्होल्टवर), बरोबर समोर फोटोट्रान्झिस्टर. प्रकाश सतत त्याच्यावर पडत राहतो. गाडी आली की प्रकाश अडतो. म्हणजे प्रकाश पोचतोय तोवरच "रस्ता मोकळा".

आर्डुइनोची जोडणी : फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर बोर्डच्या पिनला, एमिटर ग्राउंडला. पिन 'इनपुट पुलअप' या प्रकारची ठरवायची. या प्रकारात बोर्ड आतूनच त्या पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. प्रकाश पडत असेल तेव्हा फोटोट्रान्झिस्टरमधून वीज वाहते आणि पिन खाली, म्हणजे 'लो' होते. प्रकाश अडला की पिन 'हाय'. वायर तुटली तरी 'हाय', एलईडी जळाली तरी 'हाय'. म्हणून 'हाय'चा अर्थ ठेवला "गाडी आहे". तीच वायर आम्ही पुन्हा उपसून बघितली. फाटक लगेच बंद!

दोन गोष्टींची काळजी घ्या.

डब्यांमधली फट : आमच्या दोन डब्यांमध्ये २ सेमी फट होती. प्रकाशाची रेषा रुळांना काटकोनात असेल तर ती या फटीतून पार होते, आणि बोर्डाला वाटतं गाडी संपली. म्हणून रेषा तिरकी ठेवा, साधारण ४५ अंशांत. डब्याची रुंदी ४ सेमी आहे, म्हणजे ४५ अंशांतली रेषा डब्याची रुंदी ओलांडताना रुळाच्या दिशेनेही ४ सेमी सरकते. फट फक्त २ सेमीची, त्यामुळे रेषेच्या वाटेत एखादा डबा येतोच. रेषेची उंची डब्याच्या मध्यावर ठेवा, चाकांच्या पातळीवर नको.

ऊन : उन्हातही इन्फ्रारेड असतं. फोटोट्रान्झिस्टरवर थेट ऊन पडलं तर गाडी असूनही त्याला "मोकळं" वाटतं. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळा उपाय हवा. फोटोट्रान्झिस्टर काळ्या स्ट्रॉच्या ३ सेमी तुकड्यात बसवा, म्हणजे त्याला समोरचंच दिसेल. मॉडेल खिडकीपासून दूर ठेवा.

चौथा टप्पा : बोर्डाला नियम शिकवणं

आमची गाडी एकाच दिशेने फिरते, म्हणून दोन सेन्सर पुरले. 'अ' फाटकाच्या १५० सेमी आधी. 'ब' फाटक ओलांडल्यावर १५ सेमीवर. प्रोग्राम लिहिण्याआधी मुलांनी हे नियम मराठीत लिहिले :

१. वीज सुरू होताच फाटक बंद आणि दिवे चालू. गाडी या क्षणी कुठे आहे हे बोर्डाला माहीत नाही, म्हणून "गाडी येतेय" असंच धरायचं.
२. 'अ'वर गाडी दिसली की "येतेय" अशी नोंद. दिवे लगेच लावायचे, ३ सेकंदांनी दांडी खाली.
३. 'ब'वर गाडी दिसली की "पोचली" अशी नोंद.
४. "पोचली" ही नोंद असेल, 'ब' सलग १ सेकंद मोकळा असेल आणि 'अ'ही मोकळा असेल, तरच दांडी वर आणि मग दिवे बंद. नोंदी पुसायच्या.
५. 'अ'ने काहीच कळवलं नाही आणि 'ब'वर अचानक गाडी दिसली, तर 'अ' बिघडला आहे. फाटक बंद करून तसंच ठेवायचं. बाईंनी येऊन तपासल्याशिवाय उघडायचं नाही.

नियम ४ नीट वाचा. फाटक उघडायला तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. बंद करायला मात्र एकच कारण पुरतं. गाडी मध्येच थांबली तर? 'ब'चा निरोप येणार नाही, फाटक बंदच राहील. खोळंबा होईल, अपघात होणार नाही.

प्रोग्राम लिहिताना एक चूक सगळेच करतात. दिवे लुकलुकवण्यासाठी 'डिले' ही आज्ञा वापरतात. 'डिले' चालू असताना बोर्ड दुसरं काहीच करत नाही, सेन्सरकडेही बघत नाही. डुलकी घेणारा गेटमनच म्हणा! त्याऐवजी 'मिलिस' वापरा. ती बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलीसेकंद झाले ते सांगते. प्रत्येक फेरीत सेन्सर बघायचे, घड्याळ बघायचं, ५७५ मिलीसेकंद उलटले असतील तर दिवे पालटायचे आणि पुन्हा सेन्सर बघायचे. दिव्यांचं काम आता बोर्डच करतो, ५५५ ची गरज उरत नाही. बोर्डाच्या पिनवर ५ व्होल्ट असतात, म्हणून एलईडीबरोबर ३३० ओहमचा रेझिस्टर लावा.

पाचवा टप्पा : दांडी

आइस्क्रीमच्या काडीवर लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि ती सर्व्होच्या पात्याला चिकटवा. सर्व्होला एकदम ९० अंश फिरवू नका. दर २० मिलीसेकंदांनी एकेक अंश फिरवा, म्हणजे दांडी १.८ सेकंदांत डौलात खाली येते. सर्व्होला वीज वेगळ्या ५ व्होल्ट पुरवठ्यातून द्या. बोर्डावरूनच दिली तर मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जातं आणि बोर्ड मध्येच नव्याने सुरू होतो. दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोकं मात्र एकमेकांना जोडायला विसरू नका.

इथे आमच्या मॉडेलची एक उणीव कबूल करते. वीज गेली तर सर्व्हो जिथे आहे तिथेच थांबतो. दांडी वर असेल तर वरच राहते. अमेरिकेतल्या आपोआप चालणाऱ्या फाटकांत दांडी वर धरून ठेवायला वीज लागते, आणि वीज गेली की ती स्वतःच्या वजनाने खाली येते. दिव्यांसाठी बॅटरीची सोय असते, कारण विझलेला दिवा आणि मोकळा रस्ता लांबून सारखेच दिसतात. हा सुधार या वर्षीच्या नववीवर सोपवला आहे.

दोन दिशा, दोन मार्ग

तुमची गाडी दोन्ही दिशांनी जात असेल तर सेन्सर तीन लागतील : दोन्ही बाजूंना लांब एकेक आणि एक फाटकालगत. फाटकालगतचा मोकळा झाला की फाटक उघडायचं. पण जाणारी गाडी पुढे दुसऱ्या बाजूच्या सेन्सरवरून जाते, आणि बोर्डाला वाटतं नवी गाडी आली! फाटक उघडतं आणि लगेच पुन्हा लागतं. म्हणून गाडी कोणत्या बाजूने आत आली हे लक्षात ठेवावं लागतं, आणि ती बाहेर पडेपर्यंत समोरच्या सेन्सरचा निरोप "जातेय" असा वाचावा लागतो.

खऱ्या रेल्वेत याहून पक्की पद्धत आहे, ती म्हणजे ॲक्सल काउंटर. आत जाताना चाकांचे आस मोजायचे, बाहेर पडताना पुन्हा मोजायचे. जेवढे आत गेले तेवढेच बाहेर आले, तरच मार्ग मोकळा. एखादा डबा तुटून मागे राहिला तर हिशेब जुळत नाही आणि सिग्नल लालच राहतो.

दोन मार्ग असतील तर प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा, आणि दोन्ही नोंदी रिकाम्या असतील तरच फाटक उघडा. आमच्या मुलांच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. "गाडी गेली तरी उघडत नाही", कारण अनेकदा समोरून दुसरी येत असते. पहिल्या गाडीच्या आवाजात तिचा आवाज ऐकू येत नाही आणि पहिल्या गाडीच्या डब्यांआड ती दिसतही नाही. दांडीखालून वाकणारा माणूस नेमका तिच्यासमोर जातो.

शेवटी

भारतीय रेल्वेने जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवरची सगळी बिनमाणसांची फाटकं संपवली. काही ठिकाणी खालून-वरून रस्ते काढले, काही ठिकाणी गेटमन नेमले. म्हणजे आज तुम्ही ब्रॉडगेजच्या ज्या फाटकापाशी थांबता, तिथे तुमच्यासाठी कोणीतरी जागं आहे. आपल्या मॉडेलमधले पाच नियम तो माणूस ऊन-पावसात, रात्री-अपरात्री पाळत असतो.

आमच्या शाळेत "बाई, फाटक बंद होतं" हे कारण अजूनही येतं. मी आता रागावत नाही, फक्त विचारते, "थांबलास ना?" परवा एक मुलगा म्हणाला, "हो बाई. एक गाडी गेली, तरी उघडलं नाही. मग दुसरी आली." त्याला मी पहिल्या तासाला बसू दिलं.

सरावासाठी

१. तुमच्या गाडीचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला २५ सेमी आहे आणि ६ सेकंद आधी इशारा हवा आहे. सेन्सर किती अंतरावर लावाल?
२. ५५५ च्या जोडणीत ८२ ऐवजी १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर दिवे मिनिटाला किती वेळा लागतील?
३. घरातली अशी एक वस्तू शोधा जी बिघडली तर सुरक्षित बाजूने बिघडते, आणि एक अशी जी धोक्याच्या बाजूने बिघडते. कारण लिहा.
४. दांडी वीज गेल्यावर आपोआप खाली यावी यासाठी विद्युतचुंबकाचा वापर कसा कराल? आकृती काढा.

उत्तरं : १) १५० सेमी. २) सुमारे ४३ वेळा. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं एकच एक उत्तर नाही. वर्गात चर्चा करा, आणि जमलं तर करून बघा.